वाडीतलं बीपी, बरणीतलं मीठ : वर्षभराच्या कामाच्या नोंदी

मी निवृत्त प्राथमिक शिक्षिका. कुडाळ तालुक्यातल्या एका वाडीत राहते. चौतीस घरं, मध्ये व्हाळ, उपकेंद्र चार किलोमीटरवर. वाडीतल्या लोकांचं बीपी मोजायचं, ज्यांना गोळ्या लागतात त्यांच्या गोळ्या चालू राहतील हे बघायचं आणि घरातलं मीठ कमी करायचं, एवढंच काम आम्ही चौघींनी अंगावर घेतलं : मी, आमच्या आशाताई आणि बचत गटातल्या दोघी. शेजारच्या दोन वाड्यांतून "तुम्ही कसं केलं" अशी विचारणा झाली, म्हणून वहीतल्या नोंदी इथे उतरवल्या आहेत. आम्ही कोणी डॉक्टर नाही. आम्ही फक्त मोजतो आणि पाठपुरावा करतो. गोळी कुठली आणि किती, हे उपकेंद्रातल्या सीएचओ (समुदाय आरोग्य अधिकारी) मॅडम आणि प्राथमिक आरोग्य केंद्रातले डॉक्टर ठरवतात.

१६ जून २०२४, रविवार

मार्चमध्ये माझ्या धाकट्या दिरांना पक्षाघात झाला. वय चोपन्न. सकाळी गोठ्यात गेले ते तिथेच बसले. उजवा हात उचलेना, बोलणं जड झालं. गोव्यात बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात नेलं, जीव वाचला. तिथे विचारलं, बीपी किती असायचं? आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिलो. ते कधी कोणी मोजलेलंच नव्हतं.

आशाताईंकडून समजलं की उच्च रक्तदाबाचा जो राष्ट्रीय उपक्रम २०१७ साली सुरू झाला, त्यात महाराष्ट्रातल्या पहिल्या चार जिल्ह्यांत भंडारा, सातारा आणि वर्ध्याबरोबर आपला सिंधुदुर्ग होता. म्हणजे गोळ्या फुकट आहेत, मोजायची सोय आहे, माणसं मात्र जात नाहीत. त्रास होत नाही तर कशाला जायचं, हा सगळ्यांचा प्रश्न. शेजारच्या काकी म्हणाल्या, "माका कायएक त्रास नाय, मगे बीपी खंयसून इला?" म्हणजे कुठून आलं?

आशाताईंच्या यादीप्रमाणे वाडीत तीस वर्षांवरची माणसं ९२. दंडावर बांधायचं डिजिटल मशीन घेतलं, २,३५० रुपये. मनगटावरचं स्वस्त मिळत होतं, पण मनगट थोडं वरखाली झालं तरी आकडा बदलतो, म्हणून ते घेऊ नका असं मॅडमनी आधीच सांगितलं होतं.

७ जुलै २०२४, रविवार

पहिलं शिबिर. शाळेच्या वर्गात, सकाळी दहाला. ४१ माणसं आली, दोन तासांत सगळ्यांचं मोजून झालं आणि आम्ही खुशीत होतो. २३ जणांचं १४०/९० च्या वर, म्हणजे जास्त आलं. म्हणजे निम्म्याहून जास्त! संध्याकाळी मॅडमना यादी पाठवली. त्यांचा फोन आला, "बाई, कसं मोजलंत ते मला सविस्तर सांगा."

सांगायला लागले तशी एकेक चूक बाहेर आली.

शाळा चढावर आहे. माणसं पाणंदीने वर चढून आली आणि धापा टाकत सरळ खुर्चीत बसली. कोणालाही पाच मिनिटं शांत बसवलं नाही. बसायला मुलांची बाकं होती, त्यांना पाठ नाही. हात मांडीवर, म्हणजे हृदयाच्या पातळीच्या खाली. पट्टा तिघांच्या शर्टाच्या बाहीवरूनच बांधला. मोजताना गप्पा चालू, लावणी कुठवर आली, कोणाचा तरवा कुजला. आलेल्या बायकांपैकी बऱ्याचजणी मिश्री लावून आल्या होत्या. तंबाखूने बीपी चढतं आणि मोजण्याआधी अर्धा तास चहा-तंबाखू नको, हे मी कुठेतरी वाचलेलं होतं, तरी विचारायचं सुचलं नाही. शिवाय आलेल्या माणसांना आम्ही चहा आणि फरसाण दिलं. बीपीच्या शिबिरात खारं फरसाण. याची मला अजून रुखरुख आहे.

एका आजोबांचं २०४/११२ आलं होतं. त्यांना डोकेदुखी, छातीत दुखणं, धाप असं काही नव्हतं. तरी त्यांना अर्धा तास बसवून पुन्हा मोजलं. आकडा तेवढाच आला. आशाताईंनी रिक्षा बोलावून त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात नेलं. दिवसभरात बरोबर झालेली गोष्ट ती एक.

वाया गेलेला खर्च : शिबिराचा फलक ९०० रुपये. पावसात एका दिवसात फाटला आणि तो वाचून एकही माणूस आला नाही. माणसं आली ती आशाताई घरोघर जाऊन आल्या म्हणून.

१४ जुलै २०२४, रविवार

त्याच २३ जणांचं पुन्हा. या वेळी आम्हीच घरोघर गेलो. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर सपाट, हात टेबलावर, नसेल तिथे दोन उशा ठेवून छातीच्या पातळीला आणलेला. पट्टा उघड्या दंडावर. पाच मिनिटं कोणी बोलायचं नाही. दोन वेळा मोजायचं, मध्ये एक-दोन मिनिटं जाऊ द्यायची, दोन्ही आकडे लिहायचे.

२३ मधले १४ राहिले. नऊ माणसांना आम्ही आठवडाभर उगाच घोर लावला होता. त्या प्रत्येकाच्या घरी जाऊन मी स्वतः सांगितलं की चूक आमची होती.

एक अडचण पट्ट्याची. जाड दंडाच्या दोन बायकांना नेहमीचा पट्टा जेमतेम पोचत होता. पट्टा अपुरा असला की आकडा फुगून येतो. मोठा पट्टा वेगळा मागवला, ७८० रुपये. तो येईपर्यंत त्या दोघींच्या नावापुढे रकाना मोकळा ठेवला.

माणशी बारा ते पंधरा मिनिटं लागतात. पहिल्या दिवशी आम्ही तीन मिनिटांत उरकत होतो. हे काम करणाऱ्यांनी दिवसाला दहा-बारा माणसांपेक्षा जास्त धरू नयेत.

२१ जुलै २०२४

गोळ्या सुरू झाल्या त्यांना तीस दिवसांच्या मिळाल्या. बहुतेकांना ॲम्लोडिपिन ५ मिलिग्रॅम, रोज एक. आता लावणीचे दिवस. सकाळी सातला माणूस चिखलात उतरतो तो अंधार पडताना वर येतो. उपकेंद्रात जायचं कधी? यादी बघितली तर आधीपासून बीपी माहीत असलेले नऊजण निघाले, त्यांपैकी रोज गोळी घेणारे चार. बाकी पाचांना विचारलं तर कारणं अशी : संपल्या मग गेलंच नाही, पाऊस होता, बरं वाटत होतं. एक मामा म्हणाले, "गोळी सुरू केली की जन्माची पाठी लागता."

मॅडमशी बोलून ठरवलं की महिन्यातल्या दुसऱ्या आणि चौथ्या मंगळवारी त्या वाडीत येतील, माझ्या पडवीत बसतील, तिथेच मोजून पुढच्या गोळ्या देतील. त्यांच्या फेऱ्यांमध्ये ते बसत होतं, फक्त कोणी विचारलं नव्हतं.

४ ऑगस्ट २०२४

मिठाचं काय करायचं यावर तीन बैठका फुकट गेल्या. "दिवसाला माणशी पाच ग्रॅमपेक्षा कमी" हा जागतिक आरोग्य संघटनेचा आकडा मी फळ्यावर लिहिला. सगळ्यांनी मान हलवली. पाच ग्रॅम म्हणजे किती, तर एक सपाट चमचा. पण कोणाचा चमचा? मी स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा आणला (४२० रुपये) आणि माझ्याच घरात मोजलं. बारीक मिठाचा सपाट चमचा सहा ग्रॅम भरला. जाड्या मिठाचा त्याच चमच्याने सव्वाचार. खड्यांमध्ये पोकळी राहते ना. आणि आमच्याकडे आमटीत मीठ चमच्याने पडतच नाही, चिमटीने आणि मुठीने पडतं.

शेवटी गटातल्या एकीने सुचवलं ते चाललं. मिठाची एक किलोची पुडी फोडली की तिच्यावर पेनाने तारीख घालायची. संपली की दुसरी तारीख. बाकी काही मोजायचं नाही.

माझ्या घरी पाच माणसं, पुडी १७ दिवसांत संपली. १००० भागिले १७, भागिले ५. माणशी दिवसाला पावणेबारा ग्रॅम. पाच ग्रॅमच्या हिशेबाने तीच पुडी ४० दिवस पुरायला हवी. मी स्वतःला बेताचं मीठ खाणारी समजत होते. गणित वहीत तीनदा केलं.

या आकड्यात सगळं मीठ पोटात जातं असं नाही. मासे धुताना लावलेलं मीठ पाण्याबरोबर जातं. पण उलट बाजूही आहे : लोणचं, पापड, खारा बांगडा, आगळ (कोकमाचा खारवलेला रस) यांतलं मीठ या पुडीत धरलेलंच नाही. ते मे महिन्यात बरणीत गेलेलं आहे.

पुडीवर तारीख घालायला २६ घरं तयार झाली.

१८ ऑगस्ट २०२४

चुकलेला प्रयोग. सहा घरांत मीठ एकदम निम्मं केलं. चार दिवसांत पाच घरं मागे फिरली. एका घरात सासऱ्यांनी पेजेचा वाडगा सरकवून दिला, "मिठाशिवाय पेज गळ्याखाली उतरणा नाय", आणि सुनेला दोन दिवस बोलणी खावी लागली. ती बोलणी आमच्यामुळे. या कामात सुनेच्या हातात मिठाचं भांडं असतं, पण चव घरातले मोठे ठरवतात. आधी त्यांच्याशी बोलायला हवं होतं.

२५ ऑगस्ट २०२४

पुन्हा, दुसऱ्या तऱ्हेने. माझ्या चुलीवर कुळथाच्या पिठीची दोन पातेली केली. एकात नेहमीचं मीठ, दुसऱ्यात त्याच्या दोन तृतीयांश, पण लसूण थोडी वाढवली आणि दोन आमसुलं जास्त टाकली. पातेल्यांवर खूण फक्त तळाला. अकरा बायका आणि चार सासरेबुवा जेवायला. कमी मिठाचं कुठलं, हे तिघांनीच बरोबर ओळखलं. दोघांना तर तेच जास्त चविष्ट लागलं.

आंबट आणि तिखट वास असला की मिठाची आठवण कमी होते. आमसूल, लिंबू, तिरफळ, ओलं खोबरं, कोथिंबीर, सगळं परसातलंच आहे. आमसूल घ्यायचं, आगळ नव्हे. आगळ मिठावरच टिकवलेलं असतं. सोलकढी आगळाची केली तर वरून मीठ घालायचंच नाही.

ताटातलं मीठ बंद कसं करायचं यावर शेजारच्या काकी बोलल्या, ज्यांना बीपी खंयसून इलं असं वाटत होतं त्याच. म्हणाल्या, देवाच्या नैवेद्याच्या पानात आपण मीठ वाढत नाही, मग माणसाच्या पानात कशाला? माझ्या तीन बैठकांनी झालं नाही ते या वाक्याने झालं. त्या आठवड्यात चौदा घरांत ताटातलं मीठ गेलं.

३१ ऑगस्ट २०२४

९२ पैकी ७८ जणांचं मोजून झालं. बीपी असलेले एकूण २७, त्यात आधीचे नऊ धरून. राहिलेल्या चौदांत बारा पुरुष आहेत.

१८ सप्टेंबर २०२४

गणपती ७ तारखेला आले. चाकरमानी आले, घरं भरली, काम थांबलं. थांबू दिलं. पण दोन गोष्टी घडल्या त्या लिहिते.

खालच्या घरातल्या आजींना गौरीच्या दुसऱ्या दिवशी उभं राहताच चक्कर आली. मोजलं तर ९८/६०. मुंबईहून मुलगा आईसाठी चांगल्या कंपनीच्या गोळ्या घेऊन आला होता. आजी उपकेंद्रातल्याही घेत होत्या आणि मुलाच्याही. दोन्ही पाकिटांवर बारीक अक्षरांत एकच नाव, ॲम्लोडिपिन. रंग वेगळा, पाकीट वेगळं, म्हणून औषध वेगळं असं दोघांनाही वाटलं. मॅडमनी लगेच एक पाकीट बंद करवलं. दोन दिवसांत बरं वाटलं.

तेव्हापासून प्रत्येकाला एक कापडी पिशवी दिली. घरात असलेल्या सगळ्या गोळ्या तिच्यात, कंबरदुखीच्यासुद्धा. मंगळवारी पिशवी घेऊन यायचं आणि मॅडमसमोर रिकामी करायची. पिशव्या गटाने जुन्या साड्यांच्या शिवल्या, खर्च शून्य. या एका पिशवीने पुढे अजून दोघांचा असाच घोळ सापडला.

दुसरी गोष्ट म्हणजे भजनं. रोज संध्याकाळी मंडळी घरोघर भजनाला बसतात. सहा वाजता पुरुष एका जागी, आरामात बसलेले सापडतात असे हेच दिवस. भजन सुरू व्हायच्या आधी मोजलं. आठजण मोजून झाले, तिघांना निघालं.

२० ऑक्टोबर २०२४

कापणी. एका वहिनींनी महिनाभर गोळी घेतलीच नव्हती. पिशवीत पाकीट तसंच. खोदून विचारलं तेव्हा म्हणाल्या, "पाय सुजले म्हणान बंद केलंय." ॲम्लोडिपिनने काहींच्या घोट्याला सूज येते. ते आधी सांगायला हवं होतं, म्हणजे घाबरून बंद केलं नसतं. डॉक्टरांनी औषध बदलून टेल्मिसार्टन दिलं, सूज उतरली. आता गोळी सुरू होणाऱ्या प्रत्येकाला पहिल्याच दिवशी सांगतो : सूज, चक्कर, काही झालं तर मंगळवारची वाट न बघता कळवा, पण मनाने बंद करू नका.

१ डिसेंबर २०२४

जत्रा सुरू. दिर आता काठी घेऊन चालतात. मंगळवारी पडवीत येऊन बसतात. बोलणं अजून नीट उमटत नाही. मोजताना कोणी बोलायला लागलं की ते डावा हात उचलून गप्प करतात आणि त्यांच्याकडे बघून माणसं खरंच गप्प होतात. पाच मिनिटं शांत बसवायचा प्रश्न असा सुटला. मी त्यांना कधी सांगितलं नव्हतं.

राहिलेल्या पुरुषांसाठी नाक्यावरच्या दुकानात संध्याकाळी सातला दोनदा बसले. दारू प्यालेल्याचं मोजून उपयोग नाही आणि ते त्याला त्या वेळी सांगूनही उपयोग नाही. सकाळी दूध घालायला येतात तेव्हा डेअरीवर मोजायला लागलो, खुर्ची आणि टेबल दुकानदाराने दिलं. तिथे जमलं. एकाला निघालं. आता एकूण ३१.

१९ जानेवारी २०२५

मिठाचे पर्याय. यावर दीड महिना गेला, म्हणून लिहिते.

गावभर कोणीतरी सांगत सुटलं की सैंधवाने बीपी वाढत नाही. सात घरांत सैंधव आलं, पांढऱ्या मिठाच्या चौपट दराने. आणि ते बाधत नाही म्हणून हात सैल झाला. सैंधवही सोडियमचंच मीठ आहे. शिवाय ते बहुधा आयोडीनचं नसतं. मी फोड करून सांगितलं, लोकांना पटलं नाही. पटलं ते दोन घरांतले आकडे वाढले तेव्हा. त्याला नुसतं मीठच कारणीभूत होतं असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही, थंडीतही बीपी थोडं चढतं.

दुसरं, कमी सोडियमचं पाकिटातलं मीठ. एका घरात मीच सुचवलं, कारण पाकिटावर तसं लिहिलेलं होतं. मॅडमनी थांबवलं. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम घातलेलं असतं. त्या घरातल्या काकांना किडनीचा त्रास आहे आणि टेल्मिसार्टन चालू आहे. अशा माणसाच्या रक्तात पोटॅशियम वाढून हृदयाला धोका होऊ शकतो. ते मीठ फक्त चार दिवस वापरलं गेलं होतं. रक्त तपासून घेतलं, ठीक निघालं. तो आठवडा मला झोप लागली नाही. डॉक्टरांना न विचारता मिठाच्या बदल्यात काहीही सुचवायचं नाही, हा नियम वहीच्या पहिल्या पानावर लाल पेनाने लिहिला.

१६ मार्च २०२५

शिमगा. मुलांच्या हातात कुरकुऱ्यांची पाकिटं. शाळेत चौथीच्या मुलांना पाकिटामागचं सोडियम वाचायला शिकवलं : मिलिग्रॅममधला आकडा अडीचने गुणायचा आणि हजाराने भागायचा, मीठ ग्रॅममध्ये मिळतं. घरी जाऊन मुलांनी आजोबांच्या फरसाणाचं गणित केलं. दोन आजोबांनी माझ्याकडे तक्रार केली.

२० एप्रिल २०२५

मागच्या जुलैपासून मनात होतं ते काम आता. पुडीवरच्या तारखा सुधारल्या आहेत. १७-१८ दिवसांची पुडी बहुतेक घरांत २४ ते २८ दिवसांवर गेली. पण ज्या घरांत पुडी सुधारली त्यांतल्या चार-पाच माणसांचं बीपी उतरत नाही. त्यांची पावसातली जेवणं आठवली. बाहेर पाऊस, भाजी नाही, मग पेज आणि खारा बांगडा, भात आणि खारातली कैरी, वरून पापड, सांडगी मिरची. हे मीठ पुडीत दिसत नाही. ते एप्रिल-मेमध्ये बरणीत आणि डब्यात जातं आणि जून ते सप्टेंबर पोटात जातं. मागच्या वर्षी आम्ही जुलैत मिठावर बोलायला लागलो तेव्हा वाडीतल्या सगळ्या बरण्या भरून झाकणाला फडकी बांधून झाली होती. कोण फेकून देईल?

म्हणून या वेळी बेगमीच्या आधी बसलो. पाच घरं तयार झाली. ठरवलं : खारातल्या कैरीला मीठ निम्मं, लोणच्याला निम्मं, पापडाला निम्मं, खाऱ्या बांगड्याऐवजी जवळा आणि सुके बोंबील. आमच्या बाजारात येणारा जवळा आणि बोंबील बिनमिठाचे, नुसते उन्हात वाळवलेले असतात. बांगडा मात्र मिठात मुरवूनच वाळवतात.

४ मे २०२५

तीन घरांतली खारातली कैरी गेली. चौदा दिवसांत पाण्यावर पांढरा साका, कैरी बोटाने दाबली तर लगदा. एका घरातल्या लोणच्यावर बुरशी. बरणी उघडली तेव्हा वहिनी काही बोलल्या नाहीत, फक्त झाकण पुन्हा ठेवून मागच्या दारी गेल्या. कैऱ्या झाडाच्या होत्या, पण तेल, मोहरी, मेथी, हिंग विकतचं. साधारण ७०० रुपयांचं नुकसान, ते मी भरून दिलं. वहिनी घेत नव्हत्या.

चूक सरळ माझी. लोणच्यात मीठ चवीपुरतं नसतं, टिकवण्यापुरतं असतं. वाडीतल्या कुठल्याही आजीला विचारलं असतं तरी कळलं असतं, आणि एका आजींनी बोलूनही दाखवलं होतं, "सडतला." मी ऐकलं नाही.

नवीन रीत त्याच आजींना विचारून ठरवली. लोणच्याला आणि खाराला मीठ पूर्वीइतकंच, पण तीन बरण्यांऐवजी एक. वाढायला मोठा चमचा नाही, मुलांच्या औषधाचा छोटा चमचा. खारातली कैरी वापरायच्या आधी साध्या पाण्यात तासभर ठेवायची, पाणी एकदा बदलायचं, आणि ती आमटीत घातली की त्या आमटीत वेगळं मीठ टाकायचं नाही.

१७ मे २०२५, शनिवार

जागतिक उच्च रक्तदाब दिन. भाषण ठेवलं नाही, पापड लाटले. माझ्या अंगणात सतराजणी. पोह्याचे आणि नाचणीचे. पापडात मीठ कमी केलेलं चालतं, ते वाळून टिकतात. पहिल्या घाण्याला आम्ही पापडखारही निम्मा केला, कारण त्यातही सोडियमच आहे. ते पापड तळल्यावर फुलले नाहीत, चिवट झाले. दुसऱ्या घाण्याला पापडखार नेहमीचा, मीठ एक तृतीयांश कमी. हे चांगले झाले. आलटून पालटून भाजून खाऊन बघितले, नेहमीच्यातले कुठले ते मलाही ओळखता आलं नाही.

दुपारी मॅडम आल्या, खायला उकडलेले चणे, कांदा, लिंबू, ओलं खोबरं. मीठ न घालता. पातेलं संपलं.

२५ मे २०२५

चार-पाच दिवस पाऊस थांबलेलाच नाही आणि आज वेधशाळेने मॉन्सून महाराष्ट्रात आल्याचं जाहीर केलं. दरवर्षीपेक्षा दहा-बारा दिवस आधी. अंगणात मांडलेलं वाळवण सगळ्यांचंच भिजलं. पण आमच्यामुळे एक जास्तीचं नुकसान झालं. कमी मिठाचे पापड एकत्र करू म्हणून सहा घरांनी आपलं वाळवण १७ तारखेपर्यंत थांबवलं होतं. नेहमीसारखं एप्रिलअखेर केलं असतं तर डब्यात गेलं असतं. अर्धे पापड चुलीवरच्या माळ्यावर वाळवून वाचवले, बाकीचे आंबले. पुढच्या वर्षी २० एप्रिलच्या आत. हे इथे ठळक लिहून ठेवते आहे.

जवळा आधीच भरलेला होता. तो वाचला.

१५ जून २०२५, रविवार

वर्ष झालं. यादी पुन्हा मांडली.

बीपी असलेले ३१. शेवटच्या दोन्ही वेळा १४०/९० च्या खाली असलेले १९. अजून वर असलेले ६, त्यांपैकी दोघांच्या गोळ्या या महिन्यात वाढवल्या. मुंबईला मुलांकडे गेलेले आणि संपर्क तुटलेले ३. गोळी नको म्हणणारे २, त्यांच्याकडे मी अजून दर महिन्याला जाते. एक आजी फेब्रुवारीत गेल्या, नव्वदीच्या होत्या.

या १९ मध्ये गोळीचं किती आणि मिठाचं किती, हे आमच्या वहीवरून सांगता येणार नाही. बहुतेकांचं पहिलं उतरलं ते गोळी रोज पोटात जायला लागल्यावर.

खर्च : मशीन २,३५०, मोठा पट्टा ७८०, वजनकाटा ४२०, सेल ३६०, झेरॉक्स आणि वह्या ५४०, वाया गेलेला फलक ९००, लोणच्याची भरपाई ७००. एकूण ६,०५०. गटाने ३,००० दिले, उरलेले मी. मशीन वर्षातून दोनदा आरोग्य केंद्रातल्या मशीनशी ताडून बघतो. जानेवारीत सेल उतरल्यामुळे दोन मंगळवारचे आकडे भलतेच आले होते, ते खोडून पुन्हा मोजावे लागले. सेल दर दोन महिन्यांनी, संपायची वाट न बघता बदला.

पुढचं : मुंबईला गेलेल्या तिघांचे फोन नंबर मुलांकडून मिळवायचे आणि तिकडे जवळ गोळ्या कुठे मिळतील ते मॅडमना विचारायचं. पावसाळी रानभाज्यांची घरोघर वाटणी, म्हणजे टाकळा आणि भारंगी ज्यांच्या कुंपणाला आहे त्यांनी शेजारी द्यायची, जेणेकरून पेजेबरोबर रोज खारं लागणार नाही. लावणी सुरू व्हायच्या आधी सगळ्यांकडे तीस दिवसांच्या गोळ्या आहेत का ते बघायचं. पिशव्या तपासायला उद्या सकाळी वरच्या बारा घरांत जाते.

माझ्या घरची मिठाची पुडी १९ मेला फोडली होती. आज सत्तावीस दिवस झाले, तळाला अजून दोन मुठी आहेत.